डोमिशियनचं चार दिवसांचं नाणं? एका दांडीचा प्रश्न

मिनर्वाचा_भक्त | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, झोप उडाली आहे म्हणून इतक्या रात्री धागा काढतोय.

गेल्या रविवारी इथे मँचेस्टरजवळ नाण्यांचा बाजार होता. एका आजोबांच्या ट्रेमध्ये रोमन चांदीची नाणी, म्हणजे देनारियस होते, सगळे एका भावाने, ८० पाउंडाला एक. त्यात डोमिशियनचे पाच-सहा. मी गेली नऊ वर्षं फक्त डोमिशियन जमवतो (सम्राट, सन ८१ ते ९६), त्यामुळे बाकी ट्रेकडे बघितलंसुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या माणसाची मिनर्वा देवीवर अपार श्रद्धा. त्याच्या बहुतेक चांदीच्या नाण्यांवर पुढे त्याचं डोकं आणि मागे मिनर्वा, तीही चारच मुद्रांत. एकीत ती भाला उगारून धावतेय. दुसरीत जहाजांच्या नाळा (पुढची टोकं) लावलेल्या स्तंभाच्या माथ्यावर लढायच्या पवित्र्यात आहे आणि शेजारी घुबड. तिसरीत एका हातात वज्र, दुसऱ्यात भाला, पायाशी ढाल. चौथीत नुसता भाला टेकून शांत उभी. वर्षानुवर्षं हेच. बायको म्हणते, तुझ्याकडे एकच नाणं चाळीस वेळा आहे. तिचं चूक नाही.

गंमत चित्रात नाही, कडेच्या अक्षरांत आहे. पुढच्या बाजूला ट्रिब्यूनचा अधिकार (सम्राटाचा एक अधिकार, वर्षावर्षानं मोजला जाणारा) कितव्या वर्षाचा, तो आकडा. मागच्या बाजूला कॉन्सलपद (रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च सरकारी पद) कितवं आणि सैन्यानं 'इंपेरातोर' (विजयी सेनापती) म्हणून जयजयकार कितव्यांदा केला, ते दोन आकडे. ट्रिब्यूनचा आकडा दर १४ सप्टेंबरला एकाने वाढतो. कॉन्सलचा १ जानेवारीला, पण ज्या वर्षी त्याने ते पद घेतलं त्याच वर्षी. जयजयकाराचा आकडा लढाई झाली की वाढतो, त्याला तारीख-वार नाही. म्हणजे एकाच नाण्यावर तीन घड्याळं, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी टोले देणारी. ट्रिब्यून ९ आणि कॉन्सल १४ असेल तर नाणं सप्टेंबर ते डिसेंबर ८९ मधलं. ट्रिब्यून ९ आणि कॉन्सल १५ असेल तर ९० सालच्या जानेवारी ते सप्टेंबरमधलं. जिथे दोन टोल्यांमध्ये अंतर कमी, तिथे नाणी कमी.

आता मुद्दा. ट्रिब्यूनचं सोळावं वर्ष १४ सप्टेंबर ९६ ला सुरू झालं, आणि १८ सप्टेंबरला डोमिशियनचा राजवाड्यात खून झाला. चार दिवस! तरीही ट्रिब्यून १६ ची नाणी अस्तित्वात आहेत, पण अगदी मोजकी.

माझ्या नाण्यावर मागे वज्रवाली मिनर्वा, जयजयकार २२, कॉन्सल १७. पुढे ट्रिब्यूनचा आकडा: एक्स, व्ही, आणि त्यापुढे एक उभी दांडी.

पंधरा की सोळा? फोटो दिलेत. हात थरथरत होता, सांभाळून घ्या.

---

कसाची_ओळ | रविवार, सकाळी ७:१५

धागा वाचून चहा गार झाला. मी नाणकशास्त्रातला नाही, सांगलीला सराफी पेढी आहे, तिसरी पिढी. दोन प्रश्न. वजन किती? आणि चांदीचा कस काय असायचा त्या काळी? फोटोत रंग चांगला पांढरा दिसतोय.

आणि कृपा करून कसोटीवर घासू नका. आमच्याकडे लोक जुनं नाणं आणतात आणि आधी चिंच-रिठ्यानं घासून चकाचक करून आणतात. बघवत नाही.

---

मिनर्वाचा_भक्त | रविवार, दुपारी २:०५

@कसाची_ओळ, ३.२८ ग्रॅम. नीरोनं ६४ साली एका रोमन रतलात ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायचं ठरवलं, तेव्हापासून पुढे साधारण या वजनाच्या आसपासच मिळतात.

कसाची गोष्ट तुम्हाला आवडेल. नीरोनं वजनाबरोबर कसही उतरवला होता. डोमिशियननं ८२ साली उलटं केलं, चांदी जवळजवळ शुद्ध केली. परवडलं नाही. ८५ मध्ये पुन्हा खाली आणली. त्यामुळे ८२ ते ८५ मधली नाणी जड आणि अस्सल, आणि आज शोधायला जरा अवघड. पुढे ट्राजाननं झिजलेली जुनी नाणी वितळवायला लावली असं कॅसियस डिओ हा इतिहासकार लिहितो. चांगल्या कसाचं नाणं दिसलं की कोण परत चलनात सोडेल, हे तुम्हाला मी काय सांगणार.

घासणार नाही, शब्द देतो. काळपट झाक आहे तशीच ठेवलीय.

---

कसाची_ओळ | रविवार, दुपारी २:३०

३.२८ म्हणजे तीन मासे तीन गुंजा. बरोबर बसतंय. आमच्या आजोबांचा काटा असता तर लगेच सांगितलं असतं.

---

शाळेतल्या_बाई | रविवार, दुपारी ४:५०

कोल्हापूरहून, इतिहास शिकवते. धागा वाचून स्वेटोनियस (डोमिशियनचा रोमन चरित्रकार) काढून बसले. त्यानं लिहिलंय की शेवटच्या दिवसांत डोमिशियनला स्वप्न पडलं, मिनर्वा आपल्या देवघरातून बाहेर पडतेय आणि सांगतेय, मी आता तुझं रक्षण करू शकत नाही, ज्युपिटरनं माझी शस्त्रं काढून घेतली आहेत. तुमच्या नाण्यावर मात्र तिच्या हातात वज्रही आहे आणि भालाही! त्याच आठवड्यातलं नाणं असेल तर अंगावर काटाच यायला हवा.

खुनाच्या दिवशी त्यानं वेळ विचारली, आणि ज्या प्रहराची त्याला भीती होती तो टळला असं नोकरांनी मुद्दाम खोटं सांगितलं. तो निर्धास्त झाला आणि खोलीत गेला. हे वर्गात सांगितलं की शेवटचा बाकही गप्प होतो.

पण भाऊ, एक बाळबोध शंका. चार दिवसांत ठसे कधी कोरले, नाणी कधी पाडली? टाकसाळीत दिवसरात्र काम चालायचं का?

---

उलटतपासणी | रविवार, रात्री ९:२०

@शाळेतल्या_बाई, शंका बाळबोध नाही, तीच खरी शंका आहे. १४ सप्टेंबर काही अचानक उगवलेला नाही. तारीख दरवर्षीची, टाकसाळीला आधीपासून माहीत. ठसे कोरणाऱ्यांनी सोळाचे ठसे आधीच तयार ठेवले असणार. मागचे ठसे बदलायची गरजच नव्हती, कॉन्सल १७ आणि जयजयकार २२ तेच चालू होते. म्हणून 'चार दिवसांचं नाणं' हे ऐकायला छान वाटतं, पण 'चार दिवस वापरलेला ठसा' म्हणणं जास्त बरोबर. आणि १८ तारखेला दुपारी सगळे हातोडे एकदम थांबले, असंही समजू नका.

आता @मिनर्वाचा_भक्त, तुमच्याकडे वळतो. रागावू नका. मला तो सोळा पटलेला नाही.

१. दांडी व्हीपासून जरा जास्तच लांब आहे. बाकी अक्षरांमधली जागा बघा, सगळी अक्षरं खेटून आहेत.
२. या काळातल्या रोमच्या टाकसाळीतल्या आय अक्षराला वर-खाली किंचित रुंद पाय असतात. 'आयएमपी' ('इंपेरातोर'चं लघुरूप) मधला आय बघा, आहेत. तुमच्या दांडीला नाहीत.
३. ती किंचित तिरकी आहे.

दांडी उठावदार आहे की खोल? हे सांगितल्याशिवाय पुढे काही बोलता येणार नाही. फोटोत प्रकाश वरून सरळ पडलाय, त्यामुळे कळत नाही.

---

टेंभीकर | रविवार, रात्री १०:०५

+१. उठावदार की खोल हाच प्रश्न. खोल असेल तर ओरखडा. उठावदार असेल तर दोन शक्यता: खरं अक्षर, किंवा ठशाला गेलेला तडा. ठसा तडकला की चांदी त्या फटीत शिरते आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते.

अवांतर: मी नाशिकचा. नाण्यांचा नाद लागला तो जोगळटेंभीच्या गोष्टीवरून, आयडीही तिथूनच. १९०६ साली तिथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. तीन कमानींची टेकडी आणि उज्जैनी चिन्ह, आणि खालून नहपानाचं नाक डोकावतंय! एखाद्या नाण्यावर ग्रीक अक्षरांचा तुकडा, एखाद्यावर बाणाचं टोक उरलेलं. ती नाणी बघत बसलं की डोळ्यांना एक सवय लागते: प्रत्येक रेघ कुणाची, हे आधी विचारायचं.

रोमन चांदी दक्षिण भारतात पुष्कळ सापडली, पण मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसची. नीरोच्या उतरत्या कसानंतरचे देनारियस इकडे फार थोडे. आपल्या व्यापाऱ्यांनाही कस कळत असावा, काय म्हणता @कसाची_ओळ?

---

कसाची_ओळ | सोमवार, सकाळी ६:५०

कळत असणारच! कस उतरला की पहिल्यांदा कुणाला कळतं? राजाला नाही.

---

सिंहगड_एक्स्प्रेस | सोमवार, दुपारी १२:१५

धागा वाचनखुणेत टाकला. माझ्याकडे रोमन नाणं एकच, मार्क ॲंटनीचं, सन पूर्व ३२-३१ मधलं. पुढे जहाज, मागे गरुड आणि दोन ध्वज. खाली लेजनचा आकडा, म्हणजे कुठल्या तुकडीच्या पगारासाठी ते. वाचता येत नाही नीट, लेजन ३ असेल किंवा ४ किंवा ८ सुद्धा. आकडा कुठला यावर किंमत ठरते म्हणे. मी ते पहिल्या लेजनचं असावं अशी आशा धरून आहे, तेच सगळ्यात दुर्मिळ ना? एकच दांडी दिसतेय.

---

उलटतपासणी | सोमवार, दुपारी १:०५

@सिंहगड_एक्स्प्रेस, एकच दांडी दिसतेय म्हणजे बाकीच्या झिजल्या आहेत. पहिल्या लेजनच्या नाण्यावर आकडा नसतो, 'पीआरआय' (प्रिमा, म्हणजे पहिली) अशी तीन अक्षरं असतात. बहुतेक नाणी २ ते २३ पर्यंतची. २३ च्या पुढचा आकडा कुणी दाखवला तर आधी खिसा सांभाळा, मग नाणं बघा.

ॲंटनीनं चांदीत भेसळ केली अशी त्याची ख्याती होती. प्लिनी हा रोमन लेखक तर लोखंड मिसळलं म्हणतो. पण कस कमी म्हणूनच ती नाणी कुणी साठवली नाहीत, वितळवली नाहीत, आणि दोनशे वर्षं हातोहात फिरत झिजली. तुमचंही त्यातलंच.

आणखी एक, सगळ्यांसाठी. आकड्यांची एखादी जोडी पुस्तकात नाही असं दिसलं की आनंदानं उडी मारू नका, आधी नाण्याचं पोट तपासा. आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा, अशी त्या काळचीच बनावट नाणी भरपूर आहेत. ती करणारे पुढचा ठसा एका वर्षाचा आणि मागचा दुसऱ्याच वर्षाचा वापरायचे. 'अज्ञात उपप्रकार' म्हणून विकलं जाणारं बरंचसं हेच असतं.

---

मिनर्वाचा_भक्त | सोमवार, रात्री ८:३०

पोट ठीक आहे. वजन बरोबर, कडेला कुठेही तांबं दिसत नाही, दोन्ही ठशांची दिशा ६ वाजता, म्हणजे पुढचं डोकं सरळ धरून नाणं उभं उलटवलं की मिनर्वा सरळ. रोमला हेच अपेक्षित.

आणि दांडी उठावदार आहे. आज टेबलाचा दिवा आडवा ठेवून, नाण्याखाली काळं कापड घेऊन फोटो काढलेत. फोटो ४ आणि ५ बघा. ओरखडा नाही हे नक्की.

@उलटतपासणी, तुमचे तीन मुद्दे कालपासून मनात घोळतायत. पण हाताने कोरलेली अक्षरं आहेत, थोडं इकडेतिकडे होणारच ना? जागा उरली नव्हती म्हणून शेवटची दांडी कशीतरी बसवली असेल. शेवटचं अक्षर मानेपाशी, अगदी कडेला येतं.

(हे मी स्वतःलाच समजावतोय, हे मलाही कळतंय.)

---

टेंभीकर | सोमवार, रात्री ९:४०

फोटो ५ मोठा करून बघितला. दांडीचं खालचं टोक मण्यांच्या वर्तुळापाशी थांबतं की मण्यांमधून आरपार जातं? मला वाटतंय ती एका मण्याला कापून कडेपर्यंत गेलीय. कोरणारा कितीही घाईत असला तरी अक्षर मण्यांच्या पलीकडे नेत नाही. तडा मात्र बहुतेक वेळा कडेकडूनच आत येतो.

---

शाळेतल्या_बाई | सोमवार, रात्री १०:१०

मी पण मोठं करून पाहिलं. मलाही मण्यातून गेलेली दिसली. पण मला वाटलं माझा मोबाईलच तडकलाय!

---

उलटतपासणी | बुधवार, पहाटे १:३०

सापडलं.

डोळ्यांनी वाद घालून काही होणार नाही म्हणून ठशाचा शोध घेत बसलो. नाण्यांच्या जुन्या लिलावांचे फोटो साठवणारी संकेतस्थळं आहेत, आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा रोमन साम्राज्याच्या नाण्यांचा ऑनलाइन संग्रह आहे. ट्रिब्यून १५ आणि १६ ची मिळतील ती सगळी नाणी एकेक करून तुमच्या नाण्याशेजारी ठेवली. मागची बाजू सोडून दिली. पुढचा ठसा तोच आहे का एवढंच बघायचं.

ठसा ओळखायला मी चार खुणा धरल्या. कपाळावरच्या बटांची रांग, आणि त्यातली तिसरी बट बाकीच्यांपेक्षा आखूड. मानेमागे हाराच्या फितीची दोन टोकं, एक सरळ, एक वळलेलं. 'जर्म' (जर्मानिकस या पदवीचं लघुरूप) मधलं आर अक्षर बरोबर भुवईसमोर. आणि 'पी' चा गोल नाकाच्या शेंड्याला जवळजवळ टेकलेला. चारही एकदम जुळली तर तो ठसा तोच, योगायोग नव्हे.

चारही जुळणारी दोन नाणी मिळाली.

पहिल्यावर एक्स, व्ही, आणि पुढे मोकळी चांदी. अक्षरं टवटवीत, दांडी नाही.

दुसऱ्यावर, आणि खरी मजा इथे आहे, मण्यांच्या वर्तुळातून एक केसासारखी रेघ आत निघालीय आणि व्हीच्या बाजूला अर्ध्या वाटेवर संपलीय.

तिसरं तुमचं. रेघ पूर्ण.

म्हणजे ठसा नवा, ठसा तडकायला लागलेला, ठसा तडकलेला. आकडा १५.

अशा अभ्यासाची चटक मला पब्लियस क्रेपुसियसच्या नाण्यांनी लावली. तो सन पूर्व ८२ च्या सुमाराचा, प्रजासत्ताकातला टाकसाळ-अधिकारी. त्यानं मागच्या प्रत्येक ठशावर वेगळा आकडाच कोरून ठेवला, पाचशेच्या आसपास. पुढच्या बाजूला अक्षर आणि चिन्ह. ठसा शोधायला बटा मोजायची गरजच नाही, आकडा वाचा आणि रांगेत लावा. त्यावरून टाकसाळीत ठसे कुठल्या क्रमानं वापरले गेले याचा अभ्यास करता आला. डोमिशियनचे लोक इतके उदार नव्हते, त्यांचा आकडा सम्राटाचा, ठशाचा नव्हे. त्यामुळे बटा मोजत रात्र जाते.

फोटो तिन्ही शेजारी लावलेत. सॉरी, भाऊ.

---

टेंभीकर | बुधवार, सकाळी ८:००

काय काम केलंय! दंडवत.

---

सिंहगड_एक्स्प्रेस | बुधवार, सकाळी ९:१०

वाईट वाटलं हो. पण एक विचारतो, असं नाणं परदेशातून मागवून नंतर पुन्हा तिकडेच तपासायला पाठवता येतं का? माझा ॲंटनी पाठवावा म्हणतोय.

---

टेंभीकर | बुधवार, सकाळी ९:४५

@सिंहगड_एक्स्प्रेस, थांबा! भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू धरलं जातं. १९७२ च्या कायद्यानं ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ते रोमन आहे, आपलं नाही, हा युक्तिवाद करायला जाऊ नका. आणि शेतात, घराच्या पायात काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा (पुरलेल्या खजिन्याचा) कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ॲंटनी घरीच बरा.

---

मिनर्वाचा_भक्त | बुधवार, संध्याकाळी ७:२५

कामावरून आलो, बूटही न काढता तिन्ही फोटो बघितले. दहा मिनिटं. मग पुन्हा दहा मिनिटं.

मान्य. आखूड बट तीच आहे, फीत तीच आहे. मधल्या नाण्यावरची ती अर्धी रेघ बघितल्यावर बोलायला जागाच राहिली नाही. शनिवारपासून मी ज्या दांडीकडे टक लावून बसलो होतो, ती एका लोखंडी ठशाची चीर होती.

पाकिटावरचा १६ खोडून १५ केलाय. खाली लिहिलंय: 'पुढचा ठसा तडकलेला, तिसरी अवस्था'. यादीत बघितलं, तर ट्रिब्यून १५ मध्ये धावणारी आणि घुबडवाली माझ्याकडे होती, वज्रवाली नव्हतीच. इतके दिवस सोळाच्या नादात हे लक्षातच आलं नव्हतं.

@शाळेतल्या_बाई, तुमच्या स्वप्नाच्या गोष्टीला आता एक वर्षाची सूट द्यावी लागेल. नाणं सप्टेंबर ९५ ते सप्टेंबर ९६ मधलं कधीचंही.

---

शाळेतल्या_बाई | बुधवार, रात्री ८:००

चालेल. ठसा इतका तडकेपर्यंत वापरलाय म्हणजे शेवटाकडचंच असेल, असं मी वर्गात सांगू का?

---

उलटतपासणी | बुधवार, रात्री ८:४०

नका सांगू, बाई. ठसा दोन आठवड्यांतही तडकू शकतो, आणि नवा ठसा नोव्हेंबरात लावलेला असू शकतो.

@मिनर्वाचा_भक्त, एक काम करा. पुढच्या बाजूचा फोटो तिरक्या प्रकाशात, मोठ्या आकारात द्या, आणि मागच्या बाजूचाही. मधल्या नाण्यावरची मिनर्वा धावणारी आहे, तुमची वज्रवाली. म्हणजे पुढचा एकच ठसा किमान दोन वेगळ्या मागच्या ठशांबरोबर वापरला गेला. अर्ध्या रेघेपासून पूर्ण रेघेपर्यंत मध्ये अजून एखादं नाणं असायला हवं. मी सोळाची मोजकी नाणीही काढून ठेवतोय, त्यांचे मागचे ठसे तुमच्या मिनर्वाशी जुळतात का बघू. मागचे ठसे तेच चालू होते, त्यामुळे जुळायला हरकत नाही.

---

मिनर्वाचा_भक्त | बुधवार, रात्री ९:०५

म्हणजे पुढची बाजू पंधराची, पण तिची मिनर्वा सोळाबरोबरही वापरलेली असू शकते?

उद्या दुपारी फोटो टाकतो. दिव्याचा नको, उन्हातला काढतो. म्हणजे, इथे ऊन पडलं तर.